एका भागाची वाटणी

चाकणला अण्णासाहेबांच्या टूलरूममध्ये जागा कमी पडते म्हटलं तर लोक हसतील. शेड एवढं मोठं की आत बैलगाडा पळेल. पण माझ्या कम्प्युटरमध्ये जागा नव्हती, कारण त्यात चारशे बारा व्हिडिओ होते. सगळे अण्णासाहेबांच्या एकाच बैलाचे. सर्जा शर्यतीच्या घाटात पळतोय, सर्जा गुलालात उभा आहे, सर्जा नुसती पेंड खातोय.

मी इथं डाय डिझाइन करते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. पत्रा दाबताना कुठं फाटेल ते कम्प्युटरवर तपासून चारच्या आत गिऱ्हाइकाला रिपोर्ट द्यायचा होता. नाही दिला तर काम भोसरीच्या कुणाला तरी जाणार आणि पाच आठवडे मी हाडं मोडली ती फुकट. तपासणी निम्म्यावर आली की कम्प्युटर थांबायचा. जागा नाही.

"व्हिडिओ उडवते," मी म्हटलं.

"सर्जाला?" अण्णासाहेब खुर्चीतून उठले. "अगं, गेल्या साली गेला त्यो. आता एवढाच ऱ्हायलाय. नवी डिस्क मागव."

माणूस गेला तर भिंतीवर एक फोटो लावतात. असो.

दोन वाजता डिस्क आली. कम्प्युटर बंद करून बाजूचा पत्रा उघडला. आतली धूळ बघून तोंडात शिवी आली, मालक शेजारी म्हणून गिळली. डिस्क कप्प्यात सरकवली, चार स्क्रू पिळले, एक वायर विजेची, एक डेटाची. चालू केलं, तर नवी डिस्क दिसेना.

"दुकानदारानं टोपी घातली!" अण्णासाहेबांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"थांबा हो! खरेदीखत झालंय, सातबाऱ्यावर नोंद राहिलीय."

ते गपकन खाली बसले. निम्मं आयुष्य तलाठ्याच्या दारात गेलेल्या माणसाला एवढं पुरे. "मग लाव की नोंद. तलाठी कोन?"

"मीच."

"मग च्या सांगू का तुला?"

मी नोंदीची खिडकी उघडली. अण्णासाहेबांनी चष्मा खाली ओढला, एकेक अक्षर लावलं. "पार... टि... शन." आणि माझा माऊसच धरला.

"बंद कर ते! सात वर्सं लक्ष्मणबरोबर पार्टिशनचा दावा लढलोय. सख्खा भाऊ, तोंड बघत न्हाई. माझ्या शेडात वाटणी व्हनार न्हाई!"

तीन वाजून सहा मिनिटं. माझं डोकं फिरलं. "माऊस सोडा आधी! एकच भाग करायचाय. सगळी जागा एकाच नावावर."

"एकच भाग? मग त्याला वाटणी कशाला म्हनत्यात?"

ज्यानं हा शब्द तिथं घातला त्याला भाऊ नसणार.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"सर्जा."

सर्जा तर सर्जा. नोंद लागली, जागा दिसली, तपासणी पळाली. चारला चार मिनिटं कमी असताना रिपोर्ट गेला. पत्रा कुठंच फाटला नव्हता.

मागं वळले तर अण्णासाहेब फोनवर. "लक्ष्मण, ठिवू नको. अरं, एका भागाची बी वाटणी असती म्हनं... व्हय, कम्प्युटरात." पलीकडून शिवीच आली असावी, कारण ते खुदकन हसले. मग फोन छातीशी धरून मला म्हणाले, "सर्जाचा कासरा लक्ष्मणच्या हातात हाय, त्यो व्हिडिओ धाड त्याला."

चारशे बारांतला तो शोधता शोधता मला साडेसहा वाजले. फायलीला नाव द्यायची अक्कल इथं कुणाला आहे?