फेडलेला नवस

विमलाबाईंनी साखरपाण्याचा ग्लास नवऱ्याच्या ओठांना लावला, तर गोटीरामांनी तो हाताने ढकलला. अर्धं पाणी शिलाई मशिनवर सांडलं.

"गिऱ्हाईक थांबलंय, दिसत नाय का तुला?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फळीवर कुणाच्या तरी लग्नाचा हिरवा खण मधोमध फाडल्यासारखा कापून पडला होता. चाळीस वर्षं चांदवडात कात्री चालवलेल्या माणसानेच तो कापला होता.

"अहो, माझी शपथ हाय. घोटभर घ्या."

कसंबसं घेतलं. पंधरा मिनिटांनी डोळ्यांत ओळख आली आणि त्यांनी फळीकडे पाहिलं.

"हे कुणी कापलं गं?"

विमलाबाईंना रडूच फुटलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले. "साखर उतरली की तुमचे हात थरथरायचे, घाम फुटायचा. ते कधीपासून बंद झालं?"

"वरीस झालं की!" गोटीराम खुशीत म्हणाले. "इन्शुलिन चालूच हाय, पण थरथर पार गेली. लय बरा झालो बघा."

"बरे नाही झालात, काका. साखर सारखी उतरत राहिली की शरीर इशारा द्यायचंच सोडून देतं. थरथर हाच तो इशारा होता."

विमलाबाई पदराचं टोक पिळत बसल्या. त्या थरथरीची त्यांनाच जास्त लाज वाटायची. नवऱ्याला सुईत दोरा ओवता येईना, आणि ब्लाउज टाकायला आलेल्या बाया गालातल्या गालात हसायच्या. मग त्या रेणुकामातेला नवस बोलल्या, ह्यांच्या हाताची थरथर जाऊ दे, पाच सवाष्णी जेवू घालीन. थरथर गेली. विमलाबाईंनी पुरण घातलं, देवीची ओटी भरली, आणि गल्लीभर सांगत सुटल्या. किती मिरवलं होतं! आता ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत येईल का ती?" त्यांनी विचारलं.

"कोण, मावशी?"

"थरथर."

"येऊ शकते. डोस कमी करते. काही आठवडे साखर एकदाही सत्तरच्या खाली जाता कामा नये. आणि कात्री धरण्याआधी दर वेळी तपासायची."

आठवड्याने गोटीरामांनी फळीवर कापड पसरलं आणि कुरकुरत बोट टोचून घेतलं.

"कसं वाटतंय?" विमलाबाईंनी विचारलं.

"झ्याक! उगाच भोकं पाडतेस बोटाला."

त्यांनी नवऱ्याचा दुसरा हात हातात घेतला. कोरडा होता. जराही हलत नव्हता.

आकडा आला, अठ्ठावन्न.

विमलाबाईंनी कात्री उचलून बाजूला ठेवली आणि तयार ठेवलेला ग्लास पुढे केला. गोटीराम आकड्याकडे बघत मुकाट्याने पाणी प्यायले. विमलाबाईंनी तो हात सोडला नाही. दिलेलं परत घे, असं देवीला कुठल्या तोंडाने म्हणायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.