वेर्नाकच्या ट्रामचा एकुलता एक थांबा

ट्राम सगळ्या वेर्नाकला हवी होती. फक्त आपल्या दारात नको. नगरपालिकेत हरकतींची वही ठेवली तेव्हा अठराच्या अठरा थांब्यांवर हरकत आली. घंटी वाजेल, लोक सिगारेटी ओढत उभे राहतील, कुत्री बिथरतील. निवडणूक तोंडावर, म्हणून महापौर गास्पार यांनी कुणाचंच मन मोडलं नाही. अठराही थांबे रद्द केले आणि रूळ मात्र टाकले.

थांबा हवा होता एकट्या ओदीलला. तिच्या चीजच्या दुकानासमोर तीन वर्षं रुळांसाठी खणलेला खंदक होता. फळीवरून येण्यापेक्षा गिऱ्हाइकांनी चीज खाणंच कमी केलं. आता ट्राम दारात थांबली नाही तर महिनाअखेर दुकानाला कुलूप. तसं तिने वहीत लिहिलंही होतं. सुनावणी अधिकारी पेलिसिए यांनी ते खोडलं होतं. वही हरकतींची, आणि बाईंची हरकतच नाही, मग मंजूर काय करायचं?

उद्घाटनाला छातीवर पदाचा तिरंगी पट्टा लावून महापौर, ऐंशी पाहुणे आणि बँडवाले आगारातून निघाले. पहिल्या फेरीला टाळ्या पडल्या. दुसरीला बँड दमला. तिसरीला महापौर चालकाशी हुज्जत घालताना दिसले. चालकाचा नियम साधा होता: दार मंजूर थांब्यावरच उघडतं, आणि गाडी आगारात परतते ती रात्री अकराला.

चौथ्या फेरीला महापौरांनी खिडकीच्या फटीतून दुकानाच्या दारात उभ्या ओदीलला हाका मारून पेलिसिएंना आणायला सांगितलं. साडेबारा वाजले होते. पेलिसिए जेवायला बसले होते, आणि दोनच्या आत ते वणव्यालाही उठले नसते. ओदील वहीजवळ जाऊन बसली. ट्राम फिरत राहिली.

दोन वाजता पेलिसिए ओठ पुसत आले.

"बाई, पुन्हा तुमची मागणी?"

"नाही साहेब. या वेळी हरकत आहे. ट्राम माझ्या दुकानासमोर थांबत नाही, याला माझी सक्त हरकत आहे."

पेलिसिएंचा चेहरा उजळला. हरकत म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. त्यांनी शिक्का मारला. नवव्या फेरीला ओदीलने ट्रामबरोबर धावत वही फटीतून आत सरकवली, महापौरांनी मांडीवर सही करून ती परत दिली, आणि ट्राम दुकानासमोर थांबली.

ऐंशी उपाशी माणसं दुकानात घुसली. महापौर थेट गल्ल्यापाशी आले आणि दोन शब्द बोलायला घसा साफ केला.

"रांगेत या, महापौरसाहेब," ओदील सुरी पुसत म्हणाली.

दुकानाच्या वर राहणारा शेजारी तेवढ्यात सपाता घालून खाली आला होता. वही कुठे आहे, असं तो विचारत होता. ओदीलने वही काउंटरखाली सरकवली, वर चीजचा अख्खा गोळा ठेवला आणि त्यालाही रांगेचं शेपूट दाखवलं.