वरच्या थरातली म्हैस

मित्रांनो, मी फळं भरायचा एक जुना कॅरेट आहे. शिकलेली माणसं मला क्रेट म्हणतात, पण निरवांगीत कुणी तसं म्हटलं तर मी ओ देत नाही. एके काळी मी लालभडक होतो. आता विटून विटून दुधात पडलेल्या कुंकवासारखा दिसतो. डाळिंबं निवडणाऱ्या छबूबाईंच्या घरामागं, लिंबाच्या सावलीत मी पडून असतो आणि माझ्यात एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसलेली असते.

माझा जन्म कारखान्यात झाला. फुटक्या बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि कुण्या पुढाऱ्याच्या सभेतलं एक स्टूल, असं सगळं वितळवून मला घडवलं. त्या स्टुलाचा अंश माझ्यात जास्त उतरला असावा, कारण थापा मारण्याची खोड मला जन्मापासून आहे.

तरुणपणी मी आबासाहेबांच्या डाळिंबाच्या बागेत होतो. काय ते दिवस! एकदा माझ्यात एवढं थोरलं डाळिंब ठेवलं होतं, की ते फुटलं तेव्हा दाणे घरंगळत थेट नीरा नदीत गेले आणि पलीकडचं गाव आठवडाभर सरबत पीत बसलं. खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा.

पण आता सांगतो ते मात्र खरं आहे. आमच्याकडं माल भरायची एक रीत आहे. बारकी, डागाळलेली फळं खाली आणि मोठी, चकचकीत फळं वरच्या थराला. "माल तोंडावर विकतो," असं आबासाहेब म्हणायचे. बाजारातला व्यापारीही पोहोचलेला. तो कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायचा. त्यामुळं कुणी फसत नसे, रीत तेवढी पाळली जाई. वरचा थर लावण्यात आबासाहेबांचा हात कुणी धरत नसे, आणि तो थर मिरवण्यात माझा.

पुढं माझी एक कड तुटली आणि मी बाजारातून बाद झालो. त्याच सुमारास आबासाहेबांनी गावातल्या शाळेला गोष्टींची पुस्तकं द्यायचं कबूल केलं. पहिली-दुसरीच्या अनिताबाईंना पिकअपमध्ये बसवून ते बारामतीला निघाले. पुस्तकं ठेवायला मला घेतलं. दुकानात मी उंबऱ्याशीच बसलो होतो, त्यामुळं सगळं ऐकलं.

अनिताबाईंनी एक पातळसं पुस्तक उचललं. त्यात एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसलेली होती. आबासाहेबांनी ते तळहातावर तोललं.

"बाई, ह्यात काय हाय? पानावर एक ओळ आन् बाकी समदी म्हस! म्हस बघायला पुस्तक कशाला? पोरास्नी माझ्या गोठ्यात धाडा."

"आबा, पहिलीच्या लेकराला एका पानावर एकच ओळ पुरते. ते आधी चित्र बघतं, मग ओळीचा अंदाज बांधतं. तीच ओळ पुन्हा पुन्हा आली की वाचायलाच लागतं."

"आन् तात्पर्य?"

"तात्पर्य नाही. मजा आहे."

"तात्पर्य न्हाय?" बिनदाण्याचं डाळिंब हातात आल्यासारखा आबासाहेबांचा चेहरा झाला. त्यांनी एक जाडजूड पुस्तक उचललं. "ह्ये बघा. थोरामोठ्यांची चरित्रं. पोरगं म्हातारं होईस्तवर पुरंल."

"तेवढ्यात म्हातारं होईल खरं," अनिताबाई पुटपुटल्या.

दुकानदार हुशार होता. तो म्हणाला, "आबासाहेब, ही चित्रांची बी घ्या की थोडी. वर लावायला बरी दिसतील."

झालं! वर लावायला म्हटल्यावर आबासाहेबांना पटलं. जाड पुस्तकं त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तळाला रचली. वर रंगीत चित्रांची, आणि सगळ्यात वर म्हैस. शाळेत मला खिडकीशी ठेवलं, म्हणजे दारातून येणाऱ्याला आधी मीच दिसावा. मी तर फुगून गेलो. पण जाताना आबासाहेब बजावून गेले, "बाई, वरच्या थराला हात लावू देऊ नका. मोठं सायब शाळा बघाय येणारेत. एकदा त्यांनी बघितलं की मंग वाचा म्हणावं खुशाल. तवर खालची द्या."

त्यांच्या मनात खोट नव्हती, मित्रांनो. माल बाजारात पोहोचेपर्यंत वरच्या फळाला बोट लावायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पहिलीत सोनल नावाची मुलगी होती. छबूबाईंची नात. अक्षरं ती सुटी सुटी ओळखायची, पण ती एकमेकांना जोडायला गेली की अक्षरं पळून जायची. तिच्या हाती तळातलं पुस्तक आलं. त्यातलं पहिलं वाक्य निरवांगीत सुरू व्हायचं आणि इंदापूरच्या स्टँडावर त्याला पूर्णविराम मिळायचा. सोनल निम्म्या वाटेतच उतरायची. मग खिडकीतून बघत बसायची. हळूहळू तिनं बोट ठेवणंही सोडलं.

छबूबाई तिला न्यायला यायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "बाई, हिच्या डोस्क्यात अक्षरं ऱ्हात न्हाईत. आमच्या घराण्यातच न्हाय ते. औंदा वाचाय आलं तर बरं, न्हायतर माझ्यासंगं माल निवडाय येऊ दे. बसून काय करती हितं?"

"पोरीचं काही चुकत नाही, छबूबाई. तिच्याजोगतं पुस्तक अजून तिच्या हातात पडलं नाही."

"मंग द्या की! अडवलंय कुणी?"

अनिताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आणि वरच्या थरातली म्हैस उचलून त्यांनी सोनलच्या मांडीवर ठेवली.

सोनलनं आधी म्हैस बघितली. मग हसली. मग बोट ठेवलं. "उठ... गं... म्हशी." पान उलटलं. ट्रॅक्टरवाला ओरडत होता. "उठ गं म्हशी!" पुढं दूधवाला, पुढं वरात, घोड्यावरचा नवरदेव. प्रत्येक पानावर तीच ओळ, आणि सोनलचा आवाज पानागणिक चढत गेला. अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. छबूबाई दारातच खाली बसल्या. "वाचती की गं!" असं म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ गोड माल पाहिला आहे, पण तसला नाही.

आता एकच पान राहिलं होतं. म्हैस उठते का नाही, ते त्या पानावर होतं.

तेवढ्यात आबासाहेब आले. त्यांनी रागावून नाही, मायेनंच पुस्तक काढून घेतलं. सोनलच्या बोटांचा डाग टोपीनं पुसला. "सायबांचा निरोप आलाय पोरी. उद्या-परवा येत्यात. त्येंनी बघितलं की तुलाच देतो, व्हय?" असं म्हणून म्हैस परत वर मांडली.

"पण उठली का ती?" सोनलनं विचारलं.

"उठंल की! कुठं जाती?" आबासाहेब हसले.

साहेब आले नाहीत. अनिताबाईंनी फार विनवण्या केल्या, पण "आता थांबलो तसं थोडं थांबू," एवढंच उत्तर आबासाहेबांकडून मिळत राहिलं. मग बाईंची बदली झाली. उन्हाळ्यात खिडकीतलं ऊन वरच्या थरावर पडलं आणि म्हैस आधी करडी झाली, मग पांढरी. पावसाळ्यात छत गळलं. नेमका मीच खाली होतो.

साहेब आले तेव्हा बराच काळ लोटला होता. त्यांनी दारातून पटांगण पाहिलं, चहा घेतला आणि गेले. माझ्याकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

आबासाहेबांनी शब्द पाळला. म्हैस घेऊन ते स्वतः छबूबाईंच्या दारात गेले. पानं एकमेकांना चिकटली होती. ओढायला गेले तर शेवटच्या पानाचा लगदा हातात आला. सोनलनं ते पुस्तक बघितलं आणि मान फिरवली. "मला न्हाय येत वाचाय," ती म्हणाली. आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तो लगदा तिच्यात गोळा केला. त्यांचा माल आजवर कुणी असा परत केला नव्हता.

आता सोनल आजीबरोबर डाळिंबं निवडते. पुस्तकं रद्दीत गेली आणि मी छबूबाईंच्या कोंबडीला आलो.

मित्रांनो, एवढं डाळिंबाचं सरबत मी नदीत वाहवलं, पण त्या शेवटच्या पानावर काय होतं याची थापसुद्धा मला सुचत नाही. मी ते पान कधी पाहिलंच नाही. तुमच्या घरी लहान भाऊ-बहीण असेल, तर एक करा. त्याला हसू येईल असं पातळसं पुस्तक शोधा आणि आजच त्याच्या चिकट हातात द्या. मळू द्या, फाटू द्या. पण शेवटचं पान त्याच्यापासून काढून घेऊ नका.

रोज सकाळी सोनल कोंबडीला दाणे टाकायला येते. कोंबडी हलत नाही. मग ती वाकून, हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणते, "उठ गं म्हशी."

कोंबडी उठत नाही.