चरकापाशी टांगलेली कुऱ्हाड

मी कुऱ्हाड बोलतेय. आवाज कापतोय म्हणून हसू नका. कुऱ्हाडीला कसली आलीय भीती, तीच तर लोकांना घाबरवते, असं तुम्ही म्हणाल. सगळे तेच म्हणतात. पण माझं अर्धं आयुष्य खुंटीला टांगून भीतीत गेलं, आणि उरलेलं इथे डोंगरात चाललंय, तेही जीव मुठीत धरूनच.

माझा जन्म पोर्तुगालमधल्या एका खोकऱ्या लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला पाण्यात बुडवून काढलं, पात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "जा, झाडं तोड, गंजू नकोस." एवढाच काय तो मला मिळालेला आशीर्वाद. मग गवतात गुंडाळून, दारूच्या पिंपांच्या आणि खारवलेल्या माशांच्या मधे कोंबून मला गलबतात टाकलं. समुद्रात काय काय झालं ते विचारू नका, मी पूर्ण वेळ अंधारात होते.

ब्राझीलला बाहियाच्या बंदरात आमची कुऱ्हाडींची मोळी सुटली. शेजारच्या गलबतातून माणसं उतरवत होते. एका व्यापाऱ्याने त्यांचे दात बघितले, आणि त्याच हाताने माझी धार बघितली. मग आम्हाला एकाच होडीत घालून खाडीच्या आत एका साखरेच्या गुऱ्हाळावर नेलं. माझ्यासमोर एक कोवळी पोरगी बसली होती. तिचं आधीचं नाव काय होतं देव जाणे, इथे तिला कितेरिया म्हणायला लागले. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाय जवळ ओढून घेतले. मला फार वाईट वाटलं.

त्या मोळीतल्या आम्ही दोघी कुऱ्हाडी गुऱ्हाळावर आलो होतो. मुकादमाने एकीला जंगलात धाडलं, कारण साखरेची चुलाणं रात्रंदिवस लाकूड खायची. मला मात्र चरकाशेजारी खांबाला टांगलं. मला वाटलं, नशीब काढलं. सावली, बसून राहणं, काम काही नाही. बहीण संध्याकाळी चिकाने माखून, धारेला खाचा पाडून घेऊन यायची, आणि मी खुंटीवर मिजाशीत. पण दर शनिवारी एक माणूस येऊन मला दगडावर घासायचा. मी साधी काडी तोडलेली नव्हती, तरी घासायचा. तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला, ही धार कशासाठी?

उत्तर मला इनासियाने दिलं. ही चरकावरची सगळ्यांत जुनी बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. कितेरियाला चरकात ऊस घालायला पहिल्यांदा उभी केली, त्या दिवशी मावशी तिला समजावत होती.

"ऊस पुढे कर, बोटं मागे ठेव. झोप आली तर गा. इथे सगळ्या गातात, कुणी हौसेने गात नाही. रुळांनी बोट धरलं की ते सोडत नाहीत. चरक फिरवणाऱ्या चाकावर वरून पाणी पडतच असतं. पाट वळवून चाक थांबवेपर्यंत हात जातो, खांदा जातो, मग बाईच जाते. म्हणून ती."

तिने डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. तिच्या उजव्या बाहीला गाठ मारलेली होती.

"माझ्या वेळची दुसरी होती," मावशी म्हणाली, "तिचा दांडा मोडला."

त्या दिवसापासून मला झोप नाही. चरकाचे तीन उभे रूळ, लोखंडाच्या पट्ट्या ठोकलेले, माझ्या डोळ्यांसमोर कुरकुरत फिरायचे. कितेरिया ऊस घालायची आणि गायची. तिच्या मुलखात ज्वारी राखायला मचाणावर बसवलेल्या पोरी पाखरं हाकलायला जे गाणं म्हणतात, ते गाणं. लांब हाकेचं, मोकळ्या गळ्याचं. ती दमली, श्वास घ्यायला क्षणभर थांबली, की चिपाडं ओढणाऱ्या बाया जागच्या जागी थबकायच्या आणि माझं पातं थंड पडायचं. मग गाणं परत सुरू व्हायचं.

तिने गास्पारशी घर मांडलं. घर म्हणजे काय, झावळ्यांचं एक खोपटं. त्यांना लुझिया झाली. गास्पार उसाच्या मोळ्या चरकापर्यंत वाहायचा. चांगला, अबोल माणूस, खांदे रुंद. मुकादमाने त्यालाच माझ्याशेजारी उभा केला.

"तुझीच बायको आहे," मुकादम हसत म्हणाला, "वेळ आली तर तुझा हात चटकन उचलेल. दुसरा कुणी विचार करत बसेल."

तेव्हापासून गास्पार रोज कामाला आला की आधी मला खुंटीवरून काढायचा, वजन बघायचा आणि परत ठेवायचा. त्याचे तळवे ओले असायचे. मला सांगावंसं वाटायचं, बाबा रे, मीही तुझ्याइतकीच घाबरलेय.

गाळपाचा हंगाम सुरू होण्याआधी दरवर्षी पाद्री येऊन चरकावर मंत्राचं पाणी शिंपडायचा. त्याशिवाय गुलाम कामाला हातच लावत नसत, मग चाबूक ओढा नाहीतर काही करा. एका वर्षी मालकाची मेहुणी शहरातून पाहुणी आली. बाईमाणूस घाबरेल म्हणून मुकादमाने माझ्यावर गोणपाट टाकलं. पाणी रुळांवर पडलं, काहिलींवर पडलं, पाण्याच्या चाकावर पडलं, बैलांवरसुद्धा पडलं. मी गोणपाटाखाली कोरडी. पाहुणे जेवायला गेले, आणि कितेरिया चरकापाशी हात बांधून उभी राहिली.

"कुऱ्हाडीला पाणी लागलं नाही," ती म्हणाली.

"तिला कशाला हवंय?" मुकादम म्हणाला. "ती काय चर्चमध्ये मिस्साला जाणार आहे?"

"मी ऊस घालणार नाही."

त्याने चाबूक सोडवला. तेवढ्यात मावशीने डोक्याचं फडकं काढलं, पाद्र्याच्या तांब्याच्या भांड्यात उरलेलं पाणी त्यात टिपलं, आणि गोणपाट सारून मला पुसलं. दांड्यापासून धारेपर्यंत, एका हाताने, लेकराचं तोंड पुसावं तसं. "धार राहू दे बाई तुझी," ती पुटपुटली, "आणि तुझी पाळी येऊ नको." मला कुणी एवढ्या मायेने हात लावलाय तो तेव्हाच.

आता त्या सकाळचं सांगते.

हंगाम संपत आला होता. माझ्या बहिणीचं दांडा बसवायचं नेढं तडकलं, आणि चुलाणाला लाकूड कमी पडायला लागलं. मुकादम तणतणत आला आणि मला खुंटीवरून उतरवलं. "वर्षानुवर्षं फुकट टांगलीय. गास्पार, ही घे आणि जंगलात जा. पोरीलाही ने, काटक्या गोळा करेल. पुढच्या हंगामात तिला चरकावर घ्यायचीय, हाताला सवय होऊ दे."

"आणि इथे?" गास्पार म्हणाला. "इथे काही झालं तर?"

"बायकोला सांग, गा म्हणावं. तिला गाता येतं की."

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. झाडं तोडणार होते मी. लोहाराचा आशीर्वाद फळला म्हटलं. तेवढ्यात गास्पार मला घेऊन कितेरियाजवळ गेला. रात्रभर उभी राहून तिचे डोळे लाल झाले होते. ऊस घालता घालताच, मान न वळवता ती बोलली.

"परत येऊ नकोस."

"काय?"

"पोरीला चरकावर घ्यायचं म्हणाला तो, ऐकलंस ना? जंगलाच्या वर डोंगर आहे. तिथे पळालेल्यांची वस्ती आहे, मावशीला माहितीय. लुझियाला घे आणि जा."

"आणि तू?"

"मी हलले तर चरक थांबेल. चरक थांबला की तो धावत येईल. मी गात राहिले तर त्याला वाटेल सगळं जागेवर आहे. दिवसभर गाईन."

"मग कुऱ्हाड तरी ठेवतो."

"कुऱ्हाडीशिवाय डोंगरात काय खाणार? रानात वाट कशी काढणार?" तिने पुढचा ऊस लावला. "आणि रिकाम्या हाताने निघालास तर फाटकावरच अडवतील. ने तिला."

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "जा रे. श्वास पुरवायचाय मला." आणि तिने गाणं धरलं.

आम्ही निघालो. बाकीचे लाकूडतोडे खालच्या अंगाला थांबले, गास्पार वर चढत गेला. मागून गाणं येत होतं. पाखरं हाकलायचं गाणं, लांब जाण्यासाठीच केलेलं. गास्पार चालायचा, थांबायचा, कान द्यायचा, परत चालायचा. एका वळणावर तो खाली बसला आणि मला मांडीवर घेतलं.

"लुझिया, तू इथे झाडामागे बस. मी ही खुंटीला लावून येतो."

"मग परत येता येईल का तुम्हाला?" पोरीने विचारलं.

तो खालच्या वाटेकडे बघत राहिला. मी मनात ओरडत होते, ने मला, टांग मला तिथे. ज्या खुंटीवर मी इतकी वर्षं थरथरत काढली, तिथे जायला मी तेव्हा तळमळत होते. खाली खुंटी रिकामी होती, आणि रूळ फिरत होते, आणि तिला रात्रीची झोप नव्हती. मी वीतभर लोखंड, पण मला कळत होतं.

"आई गातेय ना अजून," लुझिया म्हणाली. "म्हणजे चला असंच म्हणतेय."

गास्पार उठला. डोळे पुसले, मला खांद्यावर टाकलं, आणि चढायला लागला.

पुढे एक ओढा लागला. उतरणीला पाणी जोरात पडत होतं. त्या आवाजात गाणं बुडालं. पलीकडे जाऊन, थोडं वर चढून, आम्ही थांबलो. वारा नव्हता. गाणं नव्हतं.

आम्ही लांब आलो होतो म्हणून ऐकू येत नव्हतं, की ते थांबलं होतं? गास्पारने श्वास रोखला. लुझियाने त्याचा हात धरला. किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. काही ऐकू आलं नाही. मग आम्ही चालायला लागलो.

आता इथे डोंगरात बरीच वर्षं झाली. मी झाडं तोडते, कसावा लावायला जमीन मोकळी करते, कुडाच्या भिंतींना मेढी तासते. दांडा एकदा बदलला. लोहाराने बघितलं असतं तर खूश झाला असता. खालून कुणी नवा माणूस पळून आला की गास्पार त्याला आधी खायला देतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, चरकावर कितेरिया नावाची बाई आहे का. बहुतेक लोक दुसऱ्याच गुऱ्हाळांवरचे निघतात. मागच्या हंगामात एकजण मात्र आमच्या खाडीतला आला.

"नाव नाही ठाऊक, पण आहे एक बाई," तो म्हणाला, "एका हाताची. चिपाडं ओढते."

"म्हातारी की तरणी?"

"लक्ष नाही दिलं गड्या. मी काहिलीवर होतो."

"गाते का?"

"चरकाच्या आवाजात काय ऐकू येणार?"

गास्पारने त्याला आणखी वाढलं. ती मावशी असेल. नाहीतर कितेरिया असेल, म्हणजे माझ्या जागी त्यांनी लगेच दुसरी कुऱ्हाड टांगली असेल आणि ती वेळेवर खाली उतरली असेल. ज्या कामाची मला जन्मभर धास्ती होती, ते दुसऱ्या कुणी केलं असावं म्हणून मी आता देवाला विनवते. बघा काय वेळ आलीय.

लुझिया आता आईएवढी उंच झालीय. गास्पार झाड तोडायला लागला की ती जवळ बसून तेच गाणं म्हणते, मोकळ्या गळ्याने, पाखरं उडून जातील असं. घाव लयीत पडतात. पण ती श्वास घ्यायला थांबते ना, तेव्हा गास्पारचा हात वरच्या वर थांबतो, आणि मी हवेत तशीच, धार थंड पडलेली.

पोरी, तुझा काही दोष नाही. श्वास तर घ्यावाच लागतो. पण एवढं कर आमच्यासाठी. थांबायचं असेल तेव्हा आधी सांग, मग थांब.