नेटामावशीचा कप

शेजारची नेटामावशी दर रविवारी घरी भाजलेले गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन ग्रिअरकडे चहाला यायची. वर्षातून एकदा गावाच्या शिवेवरून घोडे फिरवतात, त्यात बायकांना मनाई. पण आपण भावाचे कपडे घालून त्यात घुसणार, हे ग्रिअरने फक्त मावशीलाच सांगितलं होतं.

फेरीच्या सकाळी ग्रिअर घोड्यावर बसून निघाली, तर तबेल्याच्या दारात फेरीच्या कमिटीचे तिघं उभे.

"उतर खाली, पोरी. बायकांबरोबर दोरीमागून बघ."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

तिघांतला म्हातारा रॉब हसला. "नेटाच्या स्कोनबरोबर बातम्या फुकट असतात!"

रविवारी मावशी आली. "अगं, पडली असतीस. काळजीपोटी बोलले."

"काळजी होती तर मला बोलायचंस," ग्रिअर म्हणाली. तिने चहासाठी टेबलावर मांडलेला मावशीचा रिकामा कप उचलला आणि कपाटात ठेवून दिला.