तीन दिवस विझवलेल्या शेगड्या

जूनची थंडी होती; जगाच्या त्या दक्षिण टोकाला जून म्हणजे ऐन हिवाळा. नॉल्व्हियाने सकाळी उठून रोजचंच काम केलं. लोखंडी शेगडीत ओला ओंडका सारला आणि धुराड्याची झडप ओढून घेतली. झडप ओढली की लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि दोन तासांचं सरपण सहा तास पुरतं. तिची सासू हेच करत आली होती आणि सासूची आईही. जिची शेगडी कधी विझत नाही ती शहाणी बाई, असा कोयाइके गावाचा हिशेब. गाव डोंगरांच्या खोलगटात आहे. वारा पडला की हा सगळा धूर तिथेच बसून राहतो, आणि चढावरून धापा टाकत जाणाऱ्या मालट्रकांचा धूर त्यात मिसळतो.

तिची सहा वर्षांची मुलगी यारित्सा टेबलाशी सोपायपिया, म्हणजे तिकडची तळलेली पुरी, खात होती. दोन घास झाले की ती तोंड उघडून श्वास घ्यायची. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नॉल्व्हियाला स्पष्ट सांगितलं होतं, "औषध मी देतो, पण या धुरातून पोरीला काढ."

काढायची वाट एकच होती. सरकार काही गल्ल्यांमधल्या लाकडाच्या शेगड्या काढून विजेच्या बसवून देणार होतं. पण आधी हवा मोजणार, आणि जिथली हवा वाईट त्याच गल्लीला देणार.

रविवारी गल्लीचे प्रमुख एलेउतेरिओ दारोदार सांगत आले, "उद्या मोजणारी बाई येतेय. यंत्र तीन दिवस राहणार."

ते जाताच सासूबाई एर्मेलिंदा उठल्या. "सूनबाई, शेगडी विझव."

"अहो आई, ती धूरच मोजायला येतेय."

"म्हणून पाहुणीच्या तोंडावर धूर सोडायचा? ओली लाकडं जाळणारी दळभद्री माणसं म्हणतील आपल्याला."

"पण मग यंत्राला कळणार कसं?"

"यंत्र हुशार असतं. भिंतीत मुरलेला धूरसुद्धा ओळखेल."

नॉल्व्हियाला पटलं नाही, पण वडीलधाऱ्यांपुढे बोलायचं कसं? आणि एकट्या सासूबाईंना काय बोल लावायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गल्लीतल्या प्रत्येक घराला त्याच दिवशी सुचलं होतं. सोमवारी एकाही धुराड्यातून धूर नव्हता. नॉल्व्हियाचा नवरा आर्नोल्दो याने तर आपला ट्रकही खालच्या गल्लीत नेऊन उभा केला. तीन दिवस माणसं घरात कोट घालून वावरली, पोरं गोधड्यांत बसली. त्यात वारंही सुटलं. मारिबेल नावाच्या त्या मोजणाऱ्या मुलीला मात्र गॅसवर पाणी तापवून रोज गरम माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, मिळत होता.

गुरुवारी तिने पेटी उघडली. आत कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर हवेतल्या काजळीचे डाग. डागावर उजेड पाडून यंत्र सांगतं, यातली लाकडाची किती आणि गाड्यांची किती.

"लाकडाची जवळजवळ नाहीच," मारिबेल कौतुकाने म्हणाली. "थोडी आहे ती ट्रकांची. तुमची गल्ली मर्यादेच्या आत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या!

नॉल्व्हियाने तिला गाडीपाशी गाठलं. "बाई, हे खरं नाही. आम्ही शेगड्या विझवल्या होत्या."

"पण का?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

मारिबेलने घड्याळ पाहिलं. "यंत्र एकच आहे हो, उद्या दुसऱ्या गावी जायचंय. इथे परत यायला दोन हिवाळे जातील. निम्म्या घरांनी तसं लिहून दिलं तर मी काही करू शकेन. मी पाचला निघतेय."

नॉल्व्हिया कागद घेऊन घराघरात गेली. प्रत्येक घरात शेगडी पुन्हा धुमसत होती, प्रत्येकाने तिला खुर्ची दिली, पोरीची चौकशी केली.

"ओलं लाकूड जाळतो म्हणून लिहून देऊ? दंड कोण भरणार, तू?" शेजारीण म्हणाली.

"गल्लीचं नाव माझ्याच सहीने घालवू होय गं?" एलेउतेरिओ म्हणाले.

आर्नोल्दोने कागद वाचला आणि खाली ठेवला. "एकट्याने सही केली तर एकट्यालाच धरतील." सासूबाईंनी तर कागदाला हातही लावला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडायचं कुणाशी? पाच वाजता नॉल्व्हियाने मारिबेलला कागद दिला तेव्हा त्यावर एकच सही होती, तिची. मारिबेलने तो घडी करून पिशवीत ठेवला, पण नॉल्व्हियाकडे बघायचं टाळलं.

ऑगस्टमध्ये यारित्साला इस्पितळात ठेवावं लागलं. ओठ निळे पडले होते, नाकाला नळी लावली होती. तिथले डॉक्टर नवे होते, राजधानीतून आलेले, आणि मन लावून काम करणारे. त्यांनी पत्ता वाचला, गल्ल्यांच्या हवेची सरकारी यादी काढून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमच्या गल्लीची हवा तर गावात सगळ्यांत चांगली आहे. मग पोरीला त्रास देणारा धूर घरातलाच असणार. घरात सिगारेट कोण ओढतं?"

"डॉक्टर, ती यादी..." नॉल्व्हियाने सुरुवात केली.

सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. नातीच्या नळीवरून त्यांची नजर हलत नव्हती, डोळे भरून आले होते, आणि तरीही गल्लीची अब्रू त्यांच्याने सोडवेना.

"मी ओढते," त्या म्हणाल्या. "आता सोडेन."

एर्मेलिंदाबाईंनी जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि समाधानाने मान वर केली.

"चला," ते म्हणाले, "कारण तरी सापडलं."