मोहिनीची चौकशी

तलवाड्यात मुंजाजीच्या दारात ती बाई उभी राहिली अन् त्याच्या मनात पाल चुकचुकली. नाव वनमाला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात टॅब. म्हणे, दोन हजार सालानंतर जन्मलेल्या पोरापोरींची पिढी कशी आहे, तिला नाव काय द्यायचं, याचा अभ्यास चाललाय. अहो, पिढीचा कसला आलाय अभ्यास! मुंजाजी मेंढरं राखून म्हातारा झाला होता, खुळा नव्हता झाला.

धाकट्या मोहिनीला माजलगावचे पाव्हणे परवाच बघून गेले होते. होकार यायचा होता. थोरलीच्या वेळी असाच एकजण बियाणं विकायच्या मिषानं येऊन गल्लीभर चौकशी करून गेला होता. ही बाईही पाव्हण्यांनीच धाडलेली, मुंजाजीनं ताडलं.

"बसा की," तो गोड हसला. "इचारा काय इचारायचं."

"मुलगी मोबाईल किती वेळ बघते?"

"मोबाईल? हात लावीत न्हाई."

"नोकरीची इच्छा?"

"छ्या! घरकामात लई हुशार हाय."

"मनातलं घरी सांगते?"

"समदं. आमच्या शब्दाभाइर न्हाई."

बाईनं टॅब मांडीवर ठेवला. "काका, अशा चाळीस मुली झाल्या माझ्या या आठवड्यात. सगळ्या बापांनीच सांगितलेल्या. जरा तिलाच बोलवा."

नाही म्हणावं तर पाव्हण्यांना वास यायचा. त्यानं हाक मारली अन् पोरगी येताच डोळे वटारले. मोहिनीनं आधी बाईचं ओळखपत्र नीट वाचलं, मगच बसली.

"नोकरी?" बाईनं विचारलं.

"पोलीस भरती. फारम भरलाय."

"कधी गं?" मुंजाजी उडालाच.

"दोन म्हैने झाले, आबा."

"घरी का नाही सांगितलंस?" बाई म्हणाली.

"सांगितलं असतं तर पाव्हणे दोन म्हैने आधी आले असते."

झालं! सोयरीक बोंबलली. मुंजाजीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"शेवटचं. तुझ्या पिढीला एका शब्दात काय म्हणशील?"

"चोर," मोहिनी म्हणाली. "चोरून फारम भरतो, चोरून अभ्यास करतो. मी पहाटं चारला कॅनॉलच्या रस्त्यानं पळून येते, अन् आबा उठायच्या आत गोधडीत शिरते."

बाईनं ते लिहून घेतलं, पाणी पिऊन उठली अन् शेजारच्या बंकटच्या ओट्यावर बसून तेच प्रश्न विचारू लागली. म्हणजे पाव्हण्यांची नव्हतीच ती! मुंजाजीला लाज वाटली. पोरीबद्दल एवढं बोललो, त्यातलं एकही खरं नव्हतं. पण लाजेपेक्षा भ्याव मोठं होतं.

"चारला कुत्री असत्यात त्या रस्त्याला."

"असत्यात."

"उद्या मी येतो संगं. काठी घेऊन."

मोहिनी त्याच्याकडं बघत राहिली. मघाशी त्यानं त्या बाईकडं संशयानं बघितलं होतं, तशीच.

"राखायला येनार का अडवायला, आबा?"